बाबांच्या वहीतली रिकामी ओळ

परवा रविवारी सकाळी बाबांसमोर प्रिंटआउटचा गठ्ठा ठेवला आणि ऐटीत बसले... त्यांचं आत्मचरित्र! तीन महिने खपून मी टाइप केलेलं.

बाबा खापरखेड्याच्या वीज केंद्रात आयुष्यभर ऑपरेटर. रिटायर झाल्यावर आपली गोष्ट वहीत लिहिली, तीही ड्यूटीच्या लॉगबुकसारखी. तारीख, काय घडलं, आणि प्रत्येक पानाखाली 'चार्ज दिला' म्हणून स्वतःची सही. शेजारी 'चार्ज घेतला'... पुढे रिकामी ओळ.

पुस्तक काढायचं खूळ माझं. त्यामुळे त्या सह्याबिह्या मी उडवल्या. आणि एक अख्खं पानही. आईच्या ऑपरेशनच्या दिवसाचं.

तेव्हा मी दहा वर्षांची, नागपूरच्या हॉस्पिटलात मामीजवळ बाकावर बसलेली. बाबा आलेच नाहीत. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही म्हणाले. आई बरी होऊन घरी आली, पण ते बाक माझ्या मनातून गेलं नाही.

वहीत मात्र लिहिलं होतं... रिलीव्हर वेळेवर आला होता. मीच डबल ड्यूटी मागून घेतली. मला भीती वाटली.

हे वाचल्यापासून मी बाबांशी धड बोलत नव्हते. का, ते सांगितलंही नाही. नातेवाईक वाचतील म्हणून पान गाळलं, एवढंच स्वतःला समजावलं.

बाबांनी गठ्ठा चाळला. पान नाही हे त्यांना लगेच कळलं. आता चिडणार, असं वाटलं मला.

"पुस्तकातून काढलं, बरं केलं. लोकायले काय करायचं हाय... पण सहीची जागा काहून काढली वं?"

"बाबा, पुस्तकात कोण सही करतं?"

"पुढचा माणूस लॉगबुक वाचते, मंग सही करते. त्याची सही झाल्याशिवाय आपल्याले घरी जाता येत नाही." मग हळूच म्हणाले, "मी थांबूनच राहिलो ना अजून."

मी उठले. कपाटातून वही आणली, ते पान उघडलं आणि रिकाम्या ओळीवर सही केली.

बाबांनी चष्मा पुसला. वाकून पाहिलं. "टाइम बी टाक."

टाकला. सव्वा अकरा.

राग पूर्ण गेला असं नाही म्हणणार. पुस्तक निघेल तेव्हा निघेल... पण बाबा, ते पान लिहिलंत आणि माझ्यासाठी थांबलात, थँक यू. बाकीची पानंही पुन्हा वाचतेय. रोज एक सही.