वैशाली म्हणाली, पट्टा बरोबर आहे

वैशाली काल गेली.

केडगावजवळ, पुणे रोडला. घरापासून पाच मिनिटांवर. टँकरनं तिच्या स्कूटीला मागून उडवलं.

मी आत्ता अमरधाम स्मशानभूमीतून आलोय. अजूनही खरं वाटत नाहीये. टायपिंग चुकलं तर समजून घ्या.

मी आज जिवंत आहे तो या मुलीमुळे. भावनेच्या भरात लिहीत नाहीये. जसं घडलं तसं सांगतो.

नगरला कॉलेजात होतो, फुटबॉल टीममध्ये लेफ्ट विंगला. त्या वर्षी सरांनी छातीला बांधायचे सेन्सरचे पट्टे आणले. कोण किती पळतो, कुणाचे ठोके किती, सगळं लॅपटॉपवर दिसायचं.

ते आकडे बघायला सरांनी स्टॅटिस्टिक्सची एक मुलगी बसवली. तिला ऑफसाइड म्हणजे काय तेही माहीत नव्हतं.

ती वैशाली.

तिसऱ्याच आठवड्यात ती माझ्याकडे आली. म्हणाली, तू पाणी प्यायला बसला होतास तेव्हा तुझे ठोके दोनशेच्या वर होते.

मी म्हटलं, पट्टा खराब असेल.

खोटं बोललो. मधेच छाती धडधडायची, डोळ्यांपुढं अंधारी यायची, हे मला बारावीपासून ठाऊक होतं. पण आई-आण्णा खर्ड्याहून ऊसतोडीला जायचे. मी घरातला पहिला कॉलेजात आलेला. खेळाच्या कोट्यातून नोकरी लागेल, एवढाच आधार होता. टीममधून काढलं तर?

सरांनाही पट्टाच बिघडलाय असं वाटलं.

वैशालीनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तोच पट्टा स्वतः बांधला आणि पंजाबी ड्रेसमध्ये ग्राउंडला चार चकरा मारल्या. सगळी टीम हसत होती. मी पण.

मग धापा टाकत तिनं लॅपटॉप सरांपुढं ठेवला.

"सर, पट्टा बरोबर आहे. हा मुलगा बरोबर नाहीये."

मी चिडलो. सगळ्यांसमोर तिला नको ते बोललो. तुला फुटबॉलमधलं काय कळतं, माझं करिअर संपवायला निघालीस का, असं बरंच काही.

ती रडली. पण हटली नाही. सरांकडून नंबर घेऊन तिनं थेट आण्णांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी आण्णा उसाच्या फडातून उठून नगरला हजर.

डॉक्टर म्हणाले, हृदयात जन्मापासून एक जादा वाट आहे, ठोके तिकडून भरकटतात. असाच खेळत राहिला असता तर कधी ग्राउंडवरच कोसळला असता, सांगता येत नाही.

मांडीतल्या शिरेतून हृदयापर्यंत तार घालून ते बरं केलं. काही महिन्यांनी मी परत मैदानात होतो.

माफी मागायला गेलो तर म्हणाली, "ते राहू दे. आधी मला ऑफसाइड समजावून सांग."

आज सकाळी आण्णांना कळवलं. ते मिळेल त्या गाडीनं आले.

अमरधाममध्ये वैशालीचे वडील एका बाकावर बसले होते. आण्णा त्यांच्याजवळ गेले. त्यांनी मान वर करून विचारलं, आपण कोण?

आण्णांनी मला पुढं केलं.

"ह्यो माझा पोरगा. तुमच्या लेकीमुळं जित्ता हाय."

ते माझ्याकडं बघतच राहिले. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं घरी कधी सांगितलंच नव्हतं.

मग त्यांनी मला शेजारी बसवलं आणि म्हणाले, "सांग बरं, काय झालं होतं."

मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले.

वैशाली, श्रद्धांजली हा शब्द तुझ्या नावापुढं लिहवत नाहीये.

अखेरचा नमस्कार.