परत गेलेल्या मेल

पुण्याहून धाकट्या भावाचा फोन आला. "ताई, तुले मेल जाऊनच नाई राह्यली. दोनदा परत आली. मेलबॉक्स भरला म्हणते."

तोवर मला वाटत होतं, माझं कामच आटलं. मी वर्ध्याजवळच्या सेलूत घरी बसून मुलांच्या पुस्तकांचे हिंदीतून मराठीत अनुवाद करते. नागपूरचं एक प्रकाशन नेमानं पुस्तकं पाठवायचं, पण पावसाळ्यापासून तिकडून एक ओळ आली नव्हती, आणि दुसऱ्या कुणाची मेल मला फारशी येत नाही. आपलं लिहिणं त्यांना आवडेनासं झालं असेल, असं मी धरून चालले होते.

ज्या कंपनीच्या सर्व्हरवर माझी मेल आहे, तिथे फोन लावला. तिथल्या मुलीनं समजावलं की मेल माझ्या संगणकावर उतरते, पण तिची प्रत सर्व्हरवर तशीच राहते. मी इकडे पुसत होते आणि तिकडे ढीग वाढत होता. जागा संपली की नवी मेल पाठवणाऱ्याकडे परत जाते.

"मग मला कसं कळणार?"

"ज्यांची परत गेली, त्यांनी सांगितलं तरच, मॅडम."

दुपारभर ब्राउझरमधून सर्व्हरवरचा मेलबॉक्स उघडून चित्रांच्या जड फायली पुसल्या, ट्रॅश रिकामा केला, जुन्या प्रती आपोआप जातील अशी सेटिंग केली. भावाला पुन्हा पाठवायला सांगितलं. भाचीचे फोटो आले.

मग नागपूरला फोन केला. संपादक गोंधळले. "बाई, तुम्ही काम सोडलंत ना? मेल परत आल्या, तेव्हा फोन करणारच होतो. पण तुमच्या आर्वीच्या मैत्रीण ऑफिसात आल्या होत्या, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही आता अनुवाद करत नाही. मग ती पुस्तकं त्यांनाच दिली."

ती वर्ध्याच्या कॉलेजपासूनची माझी मैत्रीण, तीही अनुवाद करते. या प्रकाशनाकडे तिला मीच नेलं होतं. तिचं पहिलं पुस्तक आम्ही दोघींनी माझ्या स्वयंपाकघरात बसून ओळ न ओळ तपासलं होतं.

दुसऱ्या दिवशी एसटीनं आर्वीला गेले. दार उघडून ती हसली. "अवं, सांगून तरी येजो."

"नागपूरले माह्याबद्दल काय सांगतलं तू?"

तिचं हसू गेलं. आत तिच्या सासूबाई होत्या, म्हणून तिनं दार मागे ओढून घेतलं. "तुह्या मायच्या दुखण्यात तू थकली होती. मले वाटलं, तुले आता नाई जमणार."

"मले काऊन नाई विचारलं?"

तिनं पायरीवरची चप्पल पायानं सरळ केली. "विचारलं असतं त तू जमते म्हटलं असतं."

एवढं खरं ती बोलली. सासूबाईंनी हाक मारली म्हणून मी आत जाऊन चहा घेतला, त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली आणि डेपोवर आले. ती सोबत आली नाही.

नंतर नागपूरहून मला पुस्तक आलं. तिचंही काम चालू आहे. मी संपादकांना काही बोलले नाही. पुस्तकं गेल्याचं मी सोसलं असतं. पण त्या महिन्यांत मी तिलाच फोन करून म्हणत होते, "माह्या लिहिण्यात काई राह्यलं नाई वाटते." आणि ती मला धीर देत होती.