पूर्ण नाव, जन्मतारीख

"इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा," डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे स्तनातल्या दुधाच्या नळीत सुरू होऊन बाहेर पसरू लागलेला कॅन्सर. मी विचारलं, "मग रविवारी पुलाउ उबीन बेटावर सायकल चालवायला जाऊ का?" घाबरलेलं माणूस काय बोलेल याचा नेम नाही. सायकल मला धड येतही नाही.

सहा केमो ठरल्या, दर तीन आठवड्यांनी एक.

ज्यांना यातून जायचंय त्यांना एक आधीच सांगते. इथे प्रत्येक सुईआधी नर्स विचारते, "पूर्ण नाव? जन्मतारीख?" एकीचं औषध दुसरीला जाऊ नये म्हणून. मनगटावर पट्टा असतो, हातात कागद असतो, तरी विचारते. मला फार राग यायचा. तिसऱ्यांदा विचारल्यावर मी म्हणाले, "मगाशी होती तीच." ती हसली नाही.

शेजारच्या खुर्चीत शिलान असायची. माझ्याच वयाची, मुलगा इथे संशोधक. मी तिला इराणी म्हटलं की दुरुस्त करायची, "पासपोर्ट इराणी. मी कुर्द." दोघींचं इंग्रजी सारखंच तुटकं, त्यामुळे गप्पा छान चालत. कुर्दांची भूमी चार देशांत वाटली गेलीय हे मला पन्नाशीत, सलाइन लावलेल्या अवस्थेत कळलं.

"मग तुम्हाला वेगळा देश हवाय?"

"काहींना हवाय. मला शाळेत आमची भाषा हवी, गावाचा कारभार गावाकडे हवा. एवढं मागितलं तरी फुटीर म्हणतात."

दुसऱ्या केमोनंतर दोघींचे केस गेले. मला मदत करायची खोड. लिटल इंडियातून रेशमी कापड आणलं, दोन स्कार्फ शिवले, काठाला माझ्या जुन्या इरकलीची पट्टी लावली. शिलान मुसलमान, तिला डोकं झाकायला आवडणारच, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

तिने स्कार्फ उलगडला, काठावरून बोट फिरवलं, पुन्हा घडी करून माझ्या मांडीवर ठेवला. "काम सुंदर आहे, वैशाली. पण हे डोक्यावर घेण्याची सक्ती नको म्हटलं म्हणून माझ्या भाचीचा डोळा गेलाय."

भाची रोजीन, बावीस वर्षांची. डोक्यावरचा रुमाल काढून गावातल्या बायकांबरोबर रस्त्यावर उतरली. पोलिसांनी तोंडावर नेम धरून छर्रे झाडले. एक डोळा गेला, दुसऱ्यात छर्रा अडकला. आणि घरच्यांनी तिला इस्पितळात नेलं नाही.

"नेलं नाही? का?" माझा आवाज चढला.

"दारात साध्या वेषातले पोलीस बसतात. नर्सने नाव विचारलं की ते लिहून घेतात. जखमींना तिथूनच उचलतात."

ज्यांनी गोळ्या घालायच्या त्यांनीच दवाखान्याच्या दारात जखमींची वाट बघत बसायचं, याला सरकार म्हणायचं?

बेडोकला घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, "मी पाटी घेऊन उभी राहणार." तो म्हणाला, "इथे परवानगीशिवाय एकटीने उभं राहिलं तरी गुन्हा आहे. नोकरीच्या पासवर आलोय आपण या देशात." लेक ओजस फोनमधून मान वर न करता म्हणाला, "आई, कॅनॉट लाह." म्हणजे इथल्या बोलीत, नाही चालणार. मग इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर निषेधाचा ठराव टाकला. उत्तर आलं, "वैशालीताई, इथे राजकारण नको. तब्येत सांभाळा. पौर्णिमेचा नारळीभात तुमच्याकडे धरू ना?"

मी धरा म्हटलं. माझं बंड तिथे संपलं.

तिकडचं संपलं नव्हतं. रोजीनच्या गावाने दुकानं बंद ठेवली. औषधवाला कुणाचं नाव न लिहिता गोळ्या देत होता. गालातले छर्रे जनावरांच्या डॉक्टरने स्वयंपाकघरात काढले. पण उरलेल्या डोळ्याचा रेटिना, म्हणजे आतला पडदा, सुटत चालला होता. शस्त्रक्रिया लवकर झाली नाही तर पोर कायमची आंधळी होणार होती.

चौथ्या केमोला माझे न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, कमी भरले. मला आठवडाभर परत पाठवलं. एका आठवड्याच्या उशिराने मी घर डोक्यावर घेतलं, आणि मग रोजीन आठवली.

पाचव्या केमोला शिलान भेटली तेव्हा ती फोन कानाला लावून रडत होती, हसतही होती. गावातल्या शेजारच्या शिक्षिकेने रोजीनला स्वतःचं ओळखपत्र दिलं. चेहऱ्यावर पट्ट्या, फोटो कोण ताडून बघणार? दूरच्या शहरातल्या डॉक्टरने सगळं ओळखलं आणि एक शब्द न बोलता त्याच नावाने शस्त्रक्रिया केली. डोळा वाचला. ती शिक्षिका तिचे कागद परत येईपर्यंत घराबाहेर पडली नाही.

त्या दिवशी आम्ही दोघी तुळतुळीत डोक्यांनी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, घरी गेलो. तिने परत केलेल्या स्कार्फमध्ये डबा बांधला होता.

आता माझे उपचार संपलेत. तपासणीला गेले की नर्स विचारते, "पूर्ण नाव?" मी माझं, वडिलांचं, नवऱ्याचं, दोन्हीकडची आडनावं, सगळं सांगते. "आँटी, शॉर्ट वन कॅन लाह," ती म्हणते, म्हणजे छोटं सांगितलं तरी चालेल. तुम्हालाही विचारतील. माझ्यासारखं चिडू नका. मोठ्याने सांगा.

भाचीचं नाव मी वर रोजीन लिहिलंय. ते तिचं नाव नव्हे. खरं मला माहीत आहे, पण ते कुठे लिहायची सोय अजून नाही.