मामाच्या गावातली फेलोशिप

भीतीचे किस्से घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे असतात. मुद्दाम कोणी जमवत नाही. पण एखाद्या दिवशी कपाट उघडावं, तर एका पिशवीत कोंबलेल्या ढीगभर पिशव्या अंगावर येतात! आमच्या फेलोशिपचं तसंच झालंय.

द्वारका चौकात टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस. आम्ही सगळे पंचविशीच्या आतबाहेरचे. जिथे कधीकाळी दंगल, जाळपोळ झाली अशा गावांत जायचं, दोन्ही बाजूंचं ऐकायचं आणि शेवटी सगळ्यांना एका सतरंजीवर बसवून, खरं काय घडलं ते एकमेकांसमोर बोलतं करायचं, हे आमचं काम. त्यावरून पुढे सरकारला धोरण वगैरे सुचवायचं. ऐकायला लय भारी वाटतं. प्रत्यक्षात आम्ही दिवसभर घाबरलेले असतो!

*

माझं घर सिन्नरचं. सिलेक्शन झालं तेव्हा बाबांना सगळं नीट समजावून सांगितलं.

"म्हणजे तू लोकांची भांडणं मिटवणार?" बाबा म्हणाले.

"मिटवायची नाहीत हो बाबा. लोकांना एकमेकांशी बोलायला लावायचं."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "मग लांब कशाला जातीस? बांधावरनं तुझ्या काकाचं नि माझं बोलणं बंद हाय. तिथनंच सुरू कर की!"

मी "बघते" म्हणाले. काकांकडे अजून गेलेली नाही. खरं सांगू? हिंमत होत नाही.

*

ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी वैशाली मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, सगळ्यांना रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. "आपली सगळ्यात मोठी भीती लिहा आणि भिंतीवर चिकटवा."

माझा पार्टनर ओंकार, पक्का पंचवटीतला. त्याने लिहिलं, 'द्वारका चौक चालत ओलांडणे'.

"ओंकार, सिरियस हो जरा!"

"मॅडम, मी रोज सकाळी सिरियसच असतो!"

सगळे हसले. मीही हसले आणि माझ्या चिठ्ठीवर 'कुत्री' असं लिहून टाकलं. साफ खोटं. आमच्या दारात दोन कुत्री आहेत, माझ्या ताटातली भाकरी खातात.

माझी खरी भीती म्हणजे दौलतमामा. मी पाचवीत असताना मामाच्या गावात खालची आळी जळाली. मुसलमानांची घरं होती ती. टेम्पो भरून बाहेरची माणसं आली होती, असं सगळे सांगायचे. पण मामाचं घर त्या आळीच्या तोंडाशी, विहीर आळीला लागून. मग त्या दिवशी मामा कुठे होता? आईला एकदा विचारलं, तर ती उठून कपडे वाळत घालायला गेली. परत कधी विचारलं नाही.

आणि गावं वाटताना मॅडम काय म्हणाल्या असतील? "मनीषा, तुला तुझ्या आईचं माहेर देते. ओळख आहे, दारं पटापट उघडतील!"

बैठकीत मामाचं नाव निघालं, तर आईचं माहेर कायमचं तुटणार. आणि ती बैठक मी भरवलेली असणार! नाही म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "थँक यू, मॅडम."

*

खालच्या आळीतलं पहिलं दार हमीदाचाचीचं. बांगडीवाली. दुकान, घर, दोन शेळ्या, सगळं त्या आगीत गेलं. आता पत्र्याच्या खोलीत राहते आणि हातगाडीवर बांगड्या विकते. मी नाव सांगायच्या आधीच तिने माझा हात धरला.

"शोभाची ना तू? आईचाच हात हाय. तिच्या लग्नातला चुडा मीच भरला होता."

मी हात असा झटकन मागे घेतला, जणू चटका बसला. चाचीने स्टोव्ह पेटवला. त्या दिवशीचा चहा मी उभ्यानेच प्यायले. पुढे बसायला शिकले, पण भीती काही गेली नाही. ती तोंड उघडायची तेव्हा प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता मामाचं नाव घेणार!

*

पहिली बैठक मात्र ओंकारने गाजवली. ट्रेनिंगच्या पुस्तकात लिहिलेलं, की गोलात बसावं आणि एक काठी फिरवावी, म्हणजे सगळे एकदम बोलत नाहीत. गड्याने छान गुळगुळीत काठी आणली, तिला रंगीत दोरे बांधले. शाळेच्या वर्गात दोन्ही आळ्यांची माणसं अंग चोरून बसलेली. हा मधोमध उभा राहिला आणि काठी उंचावून म्हणाला, "आपला नियम सोपा आहे. ज्याच्या हातात काठी तो बोलेल. बाकीचे गप्प ऐकतील!"

मागच्या दोन बाया चपला शोधायला लागल्या.

खालच्या आळीतले एक म्हातारे बाबा हळूच म्हणाले, "तवाबी ह्योच नियम होता, साहेब."

बैठक तिथेच संपली. एसटीत ओंकार सबंध रस्ता ती काठी पायामागे लपवत होता. रडवेला झाला होता बिचारा.

दुसऱ्या दिवशी हमीदाचाचीनेच तोडगा काढला. "काठी कशाला? तांब्या फिरवा पाण्याचा. बोलताना माणसाचा घसा सुकतो." तेव्हापासून आमच्या फेलोशिपमध्ये सगळीकडे तांब्याच फिरतो. मॅडमनी त्याचं प्रेझेंटेशनसुद्धा केलं!

*

मधल्या काळात एक फोन यायला लागला. गावातून परतीच्या एसटीत बसलो, की अनोळखी नंबरावरून जाड आवाज. "बसलात का गाडीत?" खट्, बंद. सिन्नर आलं, की परत. "पोचलात का?" खट्.

आमची तर बोबडीच वळली. ओंकारने घरी न सांगता देवळात नारळ फोडला. मी ओढणीने तोंड बांधून फिरायला लागले. शेवटी मॅडमनी त्याच नंबरवर फोन लावला, स्पीकरवर. निघाले कोण, तर गावचे पोलीस पाटील!

"अहो, पोरं धड घरी पोचली का, एवढंच बघत होतो. त्यांना भीती वाटत असंल म्हणून."

"वाटायची ना! तुमच्याच फोनची!" ओंकार ओरडला. "नाव तरी सांगायचं!"

पाटलांनी आवाज बारीक केला. मग म्हणाले, "नाव कसं सांगणार? मी तुम्हाला मदत करतो असं गावात कळलं तर? मलाबी भ्या वाटतं की."

*

मुक्कामाला मी मामाकडेच जायचे. न जाऊन सांगते कुणाला! मामा लाड करायचा, शेंगा भाजून द्यायचा. फक्त जेवताना विचारायचा, "काय काय सांगत्यात गं लोकं?" आणि उत्तर येईपर्यंत त्याचा घास हातातच राहायचा.

"अजून काही नाही, मामा," मी म्हणायचे. मग आम्ही दोघं खाली मान घालून जेवायचो.

घराला लागून मामाची पिठाची गिरणी. मी लहान असताना दिवसभर धडधडायची. अख्खं गाव तिथे दळायचं, दोन्ही आळ्या. आता बंद. मामी दळण घेऊन शेजारच्या गावात जाते! का बंद केली विचारलं, तर मामा म्हणाला, "परवडत नाय."

एकदा मोबाइलला रेंज मिळते का बघत गिरणीत शिरले. जाळी, धूळ, पट्टा काढून ठेवलेला. कोपऱ्यात दळणाचा एक पत्र्याचा डबा, झाकणावर फडकं बांधलेलं. फडकं मात्र स्वच्छ, धुतलेलं. डब्यावर बसायला गेले, तर मामी दारातून ओरडली, "त्याच्यावर नको बसू! दुसऱ्याचा हाय तो."

"कुणाचा?"

"जेवायला चल," मामी म्हणाली.

*

शेवटची बैठक भर दुपारी, शाळेतच. सतरंजीवर दोन्ही आळ्या. मामा येणार नाही अशी मला खात्री होती. निदान आशा होती. तो आला, खिडकीपाशी बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

तांब्या फिरत फिरत हमीदाचाचीकडे आला.

"आग लागली तवा मी पळत दौलतच्या विहिरीवर गेले," ती म्हणाली. "म्हटलं, मोटार चालू कर, पाइप आमच्या आळीत सोड. शेळ्या वरडत होत्या माझ्या."

एवढं बोलून ती उठली. तांब्या शेजारणीला द्यायचा, तर तिने दिला नाही. सगळी सतरंजी ओलांडून गेली आणि तो मामाच्या हातात ठेवला. "पुढचं तू सांग."

ओंकारने माझ्याकडे पाहिलं. मामाच्या हातातलं पाणी त्याच्या टोपीवर सांडत होतं.

"लाईट नाय म्हणालो मी," मामा म्हणाला. मग तांब्या दोन्ही हातांनी धरला. "लाईट होती. ती टेम्पोतली माणसं माझ्या दारात उभी होती, भाभी. भ्यालो मी."

"लाईट होती ते मला तवाच ठाऊक होतं, दौलत," चाची म्हणाली. "गिरणी चालू होती तुझी. माझीच बाजरी दळत होती तिच्यात."

मामाने मान वर केली नाही. चाचीने त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि विचारलं,

"डबा कुठाय माझा?"