हेडचे अठरा बोल्ट

इंजिनाच्या हेडवरचे ते पिवळे ठिपके सगळेच रंगाचे होते, की त्यांतले काही हळदीचे, हा प्रश्न मृदुलाताईंना दसऱ्याच्या दुपारी पूजेचं तबक घासताना पडला. तबक लख्ख झालं तरी प्रश्न काही जाईना.

एरवी त्यांच्या काळज्या येत आणि जात. लेकीच्या, म्हणजे अबोलीच्या बाबतीत तर रोज सकाळी एक ताजी काळजी दारात पडलेली असे; त्यांचे यजमान मधुसूदनराव म्हणत, "आजचा अंक आला वाटतं." पण ही काळजी तशी नव्हती. हिला हिशेब होता.

आदल्या दिवशी खंडेनवमी. अबोलीच्या चिखलीच्या इंजिनदुरुस्तीच्या शेडमध्ये जयसिंगराव या गिऱ्हाइकाचा ट्रक उभा होता, इंजिनाचं वरचं झाकण काढलेलं. मृदुलाताई तबक घेऊन गेल्या. पान्यांची फळी, प्रेस, वेल्डिंगचं यंत्र, ट्रकची सहा चाकं, स्टिअरिंग असं करत करत इंजिनापाशी येईतो कुंकू संपलं. म्हणून हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या जाड ओतीव भागाच्या, बोल्टांना त्यांनी नुसती पाण्यात कालवलेली हळद लावली. अठराच्या अठरा बोल्टांना. पूजेत डावं-उजवं करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

आणि अबोलीच्या शेडमधला नियम असा होता, की शेवटचं आवळून झालेल्या बोल्टावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की कुणी कुणाला विचारायचं नाही. विचारण्यात वेळ जातो म्हणूनच तर ठिपका.

अबोली ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनिअर झाली आणि चाकणला एका कंपनीत लागली. कॅन्टीन होतं, बस होती, गळ्यात कार्ड होतं. मृदुलाताईंनी दीड वर्षं फक्त बस वेळेवर येते का, एवढीच काळजी केली. त्यांच्या आयुष्यातला तो विश्रांतीचा काळ. मग एके दिवशी अबोलीने सांगितलं, की तिने तिथे अठरा महिन्यांत एकाही इंजिनाला हात लावलेला नाही, फक्त त्यांचे तक्ते भरले आहेत, आणि ती राजीनामा देऊन आली आहे.

"आता काय करणार?" मधुसूदनरावांनी विचारलं. त्यांची स्वतःची तेहतीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात गेली होती.

"जुनी इंजिनं."

"नवी मिळत नाहीत का?"

"नव्यांना कंपनी आहे, बाबा. जुन्यांना कोण आहे?"

ती भोसरीत एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे दोन वर्षं शिकली आणि मग चिखलीत पत्र्याची शेड भाड्याने घेतली. छोट्या ट्रकांची जुनी चार सिलिंडरची डिझेल इंजिनं हे तिचं काम. अशा इंजिनाचं ओतकाम जाड असतं, वायरी कमी असतात आणि नीट वागवलं तर ते मालकाच्या दोन पिढ्या बघतं, असं ती सांगे. लग्न जुळवायला आलेल्या एका बाईंना तिने हेच सांगितलं होतं. बाई चहा पिऊन गेल्या.

जयसिंगराव जाधववाडीकडचे, जुन्या गावकीतले. त्यांचा ट्रक एकोणीस वर्षांचा. घाटात तो इतका हळू चढे, की मागून येणारे हॉर्न वाजवायचेही सोडून देत. लोक म्हणाले, विका आणि नवा घ्या. ते म्हणाले, "बैल म्हातारा झाला म्हून खाटकाला देत न्हाई आमी." आणि ट्रक अबोलीच्या शेडपुढे आणून उभा केला. बाकीचे गॅरेजवाले हसले. जयसिंगरावांनी त्यांना सांगितलं, "पोरगी हाय, पर इंजिनाचं ऐकून घेती. तुमी नुसतं आपलंच सांगता."

अबोलीची पद्धत अशी, की ताकद वाढवायची ती शेवटी. आधी गळती बंद. तिने पिस्टनच्या रिंगा बदलल्या, बेअरिंग बदलली, डिझेलचा पंप तपासून घेतला, रेडिएटर मोठा बसवला. मग हेडखाली नवं गॅस्केट, म्हणजे सांध्यातून काही गळू नये म्हणूनचा पातळ पत्रा, घातलं आणि सगळ्यात शेवटी एक लहानसा टर्बो जोडला. टर्बो म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर जास्तीची हवा आत ढकलणारा पंखा, हे मृदुलाताईंना आता झोपेतही सांगता आलं असतं. आणखीही एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. नवं गॅस्केट इंजिन तापलं की दबतं. म्हणून एकदा इंजिन चालवून, पूर्ण गार करून, हेडचे बोल्ट टॉर्कच्या, म्हणजे जोर मोजणाऱ्या, पान्याने पुन्हा आवळायचे असतात. न आवळता वजन घेऊन घाट चढला तर गॅस्केट फुटतं, पाणी नको तिथे शिरतं आणि गाडी वळणावर वाफा सोडत उभी राहते. मग मागून येणाऱ्या कंटेनरचे ब्रेक कसे आहेत, यावर पुढचं.

हे दुसऱ्यांदा आवळणं खंडेनवमीला सकाळी शेडमधला फिटर खंडू करत होता. मृदुलाताई पोचल्या तेव्हा अबोली ऑइल आणायला गेलेली होती. त्या आल्यावर खंडू हात पुसत बाजूला झाला होता. अबोली परत आली, तिने अठरा पिवळे ठिपके पाहिले, टॅपेटचं, म्हणजे झडपांचं, अंतर लावलं, झाकण बसवलं. आणि आज दसऱ्याचा मुहूर्त साधून जयसिंगराव चाकणहून साडेतीन टन लोखंडी कास्टिंग भरून साताऱ्याला निघाले. दुरुस्तीनंतरची ही ट्रायल, म्हणून तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवायला अबोली शेजारी बसून गेली. अडीच वाजता.

"सगळे आवळून झाले होते का, एवढंच विचारायचंय," मृदुलाताई म्हणाल्या.

"कुणाला?" मधुसूदनरावांनी विचारलं.

"अबोलीला."

"मागच्या ट्रायलला तू काय विचारलं होतंस, आठवतंय?"

आठवत होतं. अबोलीचा फोन स्पीकरवर आहे हे माहीत नसताना त्यांनी विचारलं होतं, "जेवलीस का? आणि त्या गाडीला ब्रेक तरी आहेत ना?" गाडीचा मालक शेजारीच बसला होता. त्याने दुसरं काम दिलं नाही. तेव्हापासून ट्रायलच्या दिवशी आईचा फोन घ्यायचा नाही, असं अबोलीने ठरवलं होतं आणि तसं सांगितलंही होतं.

पाच वाजता दारात खंडू आला. दाढी केलेली, नवा शर्ट, हातात आपट्याची पानं.

"सोनं घ्या काकू, सोन्यासारखं ऱ्हावा."

मृदुलाताईंनी सोनं घेतलं, त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि तो तोंडात जायच्या आत विचारलं, "खंडू, काल किती बोल्ट आवळलेस?"

"धा."

"आणि बाकीचे?"

"तुमी आलाव ना पूजेला. म्हणलं आपलं अंग तेलकट, मधी कशाला. खोलीवर आमची बी पूजा व्हती, मी गेलो. उरलेले आठ ताईनं केले असतीलच. ठिपका नसला की दिसतंच की."

"दिसतंच," मृदुलाताई म्हणाल्या.

खंडू पेढा चघळता चघळता थांबला. त्याने तबकाकडे पाहिलं, मग त्यांच्या बोटांकडे. नखांच्या कडा अजून पिवळ्या होत्या.

"काकू, तुमी बोल्टाला हळद लावलाव?"

"सगळ्या."

"कुंकू?"

"संपलं होतं."

"अरारा," खंडू म्हणाला आणि उरलेला पेढा त्याने खिशात ठेवला.

मधुसूदनराव मोबाईलवर नकाशा काढून बसले. तपासणी खात्यातल्या माणसाचा आवाज त्यांना सापडला होता. "ओझं घेऊन ते ताशी तीसच्या वर जायचे नाहीत. कात्रजचा बोगदा झाला असेल. शिरवळच्या आसपास पोचतील साडेसहापर्यंत. मोठा घाट त्याच्या पुढे."

मृदुलाताईंनी अबोलीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा तिने तो कापला. त्यांनी "बोल्ट" एवढा एक शब्द लिहून पाठवला; तो वाचलाच गेला नाही.

"जयसिंगरावांना लावा, काकू," खंडू म्हणाला. "ते मालवाल्याचा फोन समजून कुणाचा बी उचलत्यात."

"त्यांना काय सांगू? तुमचं काम अर्धवट सोडून पोरीने झाकण लावलं म्हणून?"

जयसिंगरावांनी चार गॅरेजं सोडून ही शेड धरली होती आणि त्यांचा शब्द चाकणपर्यंत चालत होता. आज गाडी साताऱ्याला पोचली तर दिवाळीआधी आणखी तीन ट्रक येणार होते. आणि वाटेत थांबवली, तर इंजिन गार व्हायलाच रात्र होणार, मग माल उद्यावर. काहीच न होता गाडी चढूनही गेली असती. दहा बोल्ट तर पक्के होते. मृदुलाताईंनी त्या दहांवर मन टेकवून पाहिलं. टेकलं नाही.

"तिने अर्धवट सोडलं नाही," त्या म्हणाल्या. "ठिपके मी दिले."

"हे तू फोनवर सांगणार?" मधुसूदनरावांनी विचारलं. "बी.ए. झालेली बाई?"

"बी.ए.ला टॉर्कचा पाना नव्हता."

हिशेबासाठी घरी आणलेल्या शेडच्या बिलबुकावर जयसिंगरावांचा नंबर होता. मृदुलाताईंनी तो एकेक आकडा मोठ्याने वाचत दाबला. काय बोलायचं ते ठरलं होतं: भाऊ, मी अबोलीची आई, गाडी घाटाच्या अलीकडे उभी करा, चूक माझी आहे, आणि आता फोन तिच्याकडे द्या.

पलीकडे रिंग वाजू लागली.