नुरमत हाफिजची काळी पेटी

मार्गिलानच्या आमच्या मोहल्ल्यात लग्न ठरलं की तारीख आधी नुरमत हाफिजला विचारायची आणि मग व्याह्यांना. हाफिज म्हणजे आमच्याकडे लग्नात गाणारा गवई. त्याला सवड नाही म्हणून लग्न पुढं ढकललेली माणसं आम्ही पाहिलीत. दिसायला काही विशेष नाही हो. उंचीनं बेताचा, पोट सुटलेलं, टोपी कायम एका कानावर. पण दोन तारांचा दुतार मांडीवर घेऊन तो नुसता खाकरला तरी पुलावाच्या ताटातले हात थांबायचे. त्याची बायको मुसल्लम हिनं मात्र त्याचं तोंडावर कौतुक केलेलं कोणी ऐकलं नाही. "गाता बरं तुम्ही," म्हणायची, "पण तंदुराची लाकडं काय गाऊन फुटणार आहेत?"

त्या साली लग्नाचा हंगाम सरला आणि नुरमत ताश्कंदला जाऊन खोकी घेऊन आला. बरोबर क़ोसिम होता. क़ोसिम म्हणजे त्याचा कीबोर्डवाला. लग्नात हाफिजच्या उजव्या हाताला उभा राहून वाजवायचा आणि एरवी धाकट्या दिरासारखा मुसल्लमच्या चुलीपुढं जेवायचा, तिला ओपा म्हणजे ताई म्हणायचा आणि नुरमतला अका, म्हणजे दादा. दोघांनी जेवायच्या कापडावरच खोकी फोडली. मुठीएवढा जाड मायक्रोफोन निघाला, कानांवर घालायचे हेडफोन निघाले, तारांचं भेंडोळं निघालं, आणि शेवटी गाणी भरून ठेवायची एक काळी पेटी, नान ठेवायच्या तबकाएवढी, वर दिवे लागणारी बटणं.

"ही कोण आणलीत? सवत?" मुसल्लमनं विचारलं.

"सवतच समज. पण गुणाची आहे. मी म्हणेन ते ऐकून घेते, उलटून बोलत नाही."

"मग उद्यापासून नानही हिलाच भाजायला सांगा."

क़ोसिम हसत म्हणाला, "ओपा, जादू आहे जादू. आधी दुतार वाजवून आत ठेवायचा. मग तोच ऐकत वर डफ. मग त्याच्यावर गळा. चुकलं तर चुकलं तेवढंच पुसायचं. एकटा अका तीन माणसांचं गाणं घरबसल्या करणार. लग्नात मी बटण दाबलं की तिघंही हजर!"

"आणि तिघांना जेवायला कोण घालणार?" मुसल्लम म्हणाली. पण पेटीचे दिवे लागले तेव्हा तीही वाकून बघत होती.

मेहमानखान्यात आवाज घुमायला लागला तेव्हा खरं भांडण झालं. भिंतीला काहीतरी जाड लावायला हवं, असं क़ोसिमनं सांगितलं आणि नुरमतची नजर गेली ती कोनाड्यातल्या गाद्यांच्या थप्पीवर. मुसल्लमच्या माहेरच्या गाद्या त्या, रेशमी अभ्र्याच्या, तिच्या आईनं कापूस पिंजून भरलेल्या. पाहुणा तसाच मोठा असेल तरच खाली उतरायच्या. "माझ्या आईच्या गाद्यांना सुतळी बांधून फाशी देताय होय!" असं म्हणत तिनं सगळं घर डोक्यावर घेतलं. आणि मग नवऱ्याला गाठी धड मारता येईनात, गाद्या घसरून त्याच्याच डोक्यावर पडायला लागल्या, तेव्हा तीच स्टुलावर चढली आणि एकेक गादी घट्ट बांधून दिली. त्या खोलीत बोललं की शब्द तोंडापुढंच पडायचा, इतकी ती मुकी झाली.

पहिलं गाणं भरून झालं. नुरमतनं हेडफोन चढवले, डोळे मिटून ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"खरखर येतेय. तार खराब आहे."

तार बदलली. खरखर तशीच. मग भिंतीतला विजेचा खटका बदलला. मग शेजारी तुरोब अका लोखंडी फाटकं वेल्डिंगनं जोडायचं काम करायचा, त्याच्या यंत्रामुळं होत असेल म्हणून त्याला सांगून आले. बिचाऱ्या तुरोबनं दुपारचं काम बंद ठेवलं. "हाफिजसाठी एवढंही नको का करायला?" म्हणाला. मग स्टोव्हवर संशय, मग मायक्रोफोनवर. तो घेऊन नुरमत पुन्हा ताश्कंदला गेला, दुकानदाराशी हुज्जत घालून नवा आणला. असं करता करता हिवाळा गेला. खरखर गेली नाही, उलट वाढली.

एक दिवस वैतागून त्यानं मुसल्लमला हाक मारली. "तू ऐक गं जरा. तुझे कान तिखट आहेत."

तिनं डोक्यावरच्या रुमालावरून हेडफोन चढवले. नवऱ्याचं गाणं तिनं एवढ्या जवळून कधी ऐकलं नव्हतं. लग्नात ती बायकांच्या बाजूला, चुलाण्याजवळ. आत दुतार सुरू झाला, धुतल्यासारखा स्वच्छ. डफ आला, तोही स्वच्छ. मग नुरमत गायला लागला आणि प्रत्येक लांब सुराच्या शेवटी वाळूवरून पाय ओढल्यासारखं काहीतरी आलं. तिनं ते ओळखलं. सकाळी नमाज पुटपुटताना, अंगणातून हाक मारताना, ती हे कितीतरी महिने ऐकत होती. तंबाखू सोडा म्हणून टोचत होती, एवढंच.

तिनं हेडफोन काढले. "तारेत नाहीये हो ते," ती म्हणाली. "तुम्ही गाता तेव्हाच येतं. तुमच्या गळ्यात आहे."

क़ोसिम उगीच हसला. नुरमत हसला नाही.

फर्गानाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. गळ्यात गाठ आहे. आवाजाची पेटीच काढावी लागेल. आत्ता काढली तर माणूस वाचेल, आवाज मात्र जाईल.

"मग वाचेल कोण?" नुरमतनं विचारलं. डॉक्टरांना वाटलं त्याला नीट समजलं नाही, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून समजावलं.

घरी आल्यावर मुसल्लमनं आधी दाराची कडी घातली आणि मग म्हणाली, "कधी जायचं?"

"गाणी भरून होऊ दे. उन्हाळ्यापर्यंत."

"डॉक्टर आत्ता म्हणालेत."

"डॉक्टरला गाता येतं का?"

"मला मुका नवरा चालेल हो!" ती ओरडली. "खुणा करा, टाळ्या वाजवा, माझ्यावर भांडी फेका. पण उद्या सकाळी उठून या अंगणात बसलेले दिसा. मला तेवढंच पाहिजे."

"मला मुका नुरमत चालत नाही, त्याला मी काय करू?" तो हळूच म्हणाला. "माझ्या बापाकडून आलेली गाणी आहेत, मुसल्लम. कुणाला शिकवली नाहीत. आळस केला. आता पेटीत तरी राहू देत."

तर असं सुरू झालं. सकाळपासून तो त्या गाद्यांच्या खोलीत. क़ोसिम बटणं दाबतोय, हा गातोय, थांबतोय, घसा धरून बसतोय, पुन्हा गातोय. मुसल्लमनं आमच्यापैकी प्रत्येकीच्या दारात येऊन विनवण्या केल्या. मशिदीतल्या इमामाला मध्ये घातलं. कोकंदला दिलेली लेक झुम्रद येऊन बापाच्या पाया पडून रडून गेली. नुरमत सगळ्यांचं ऐकून घ्यायचा, हो हो म्हणायचा, आणि माणूस वळलं की खोलीचं दार लावायचा. गाणाऱ्यांचा हट्ट मेला असाच असतो, पोराबाळांचाही विचार नाही!

एका दुपारी नुरमत नमाजाला गेलेला पाहून मुसल्लमनं पेटीच्या तारा ओढून काढल्या, पेटी ओढणीत गुंडाळली आणि ती कालव्याकडे निघाली. दारातच तो समोर आला. त्यानं पेटी हिसकावली नाही की ओरडला नाही. उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "टाकायची तर टाक. मी अडवत नाही. पण आतला नुरमत बुडेल, आणि बाहेरचा तर काय, तसाही बुडतोच आहे."

 आम्ही भिंतीवरून बघत होतो. शेवटी मुसल्लम वळली आणि पेटी खोलीत नेऊन ठेवली. कालव्यात टाकली असती तर तो त्याच आठवड्यात फर्गानाला गेला असता, असं तिला पुढं जन्मभर वाटत राहिलं. आम्ही समजूत घालायचो, पण समजुतीनं असलं काही जात नाही.

जर्दाळू पिकले तेव्हा शेवटचं गाणं भरून झालं. मग तो निमूट दवाखान्यात गेला. तोवर गाठ पसरली होती. आवाजाची पेटी काढली, गळ्याला भोक पाडून नळी बसवली आणि घरी पाठवलं. मुसल्लमला बोलवायचं तर तो टाळी वाजवायचा. श्वास घेतला की नळीतून शीळ यायची, रात्रंदिवस. द्राक्षं तयार व्हायच्या आत ती शीळही थांबली.

जनाजा उठला त्याच दिवशी क़ोसिमनं पेटी, मायक्रोफोन, दुतार, सगळं आपल्या घरी नेलं. शोकाच्या घरात वाद्य ठेवत नाहीत. टीव्हीवर चादर पडली, मुसल्लमनं शोकाचा निळा झगा घातला. वर्षभर त्या घरात सूर म्हणून निघायचा नव्हता. गाद्या उतरवून तिनं त्यांच्या जागी रचल्या आणि खोलीला कुलूप लावलं.

आमच्यातल्याच एकीनं तिला हळूच सुचवलं, "अगं, क़ोसिमकडून आण ना. ते कानावर घालून ऐक. कुणाला कळतंय?"

"मला कळेल ना!" मुसल्लम फाडकन म्हणाली. "आणि ऐकू कशाला? त्या आवाजापायी माझा माणूस गेला. आवाज राहिला मजेत, पेटीत पाय पसरून."

पण खरं दुखणं वेगळंच होतं, ते तिनं फार पुढं सांगितलं. नुरमतचा आवाज तिला आठवेनासा झाला होता. सबंध संसार त्या आवाजाबरोबर केला, आणि आता डोळे मिटून आठवू म्हटलं की कानात फक्त नळीची शीळ यायची. तो हाक कशी मारायचा, चिडायचा कसा, गाताना पहिला सूर कसा धरायचा, काही म्हणून येईना. नुसती शीळ. त्या धास्तीनं ती आठवायलाच घाबरायला लागली होती.

पुढच्या वसंतात तुरोब अकाच्या मुलाचं लग्न निघालं. भिंतीला भिंत लागून घर. शेजारी मयत होऊन वर्ष उलटलं नसेल तर त्या घराला विचारल्याशिवाय आमच्याकडे वाजंत्री लावत नाहीत. तुरोब बायकोला घेऊन आला, हातात नान आणि मिठाई, मान खाली.

"ओपा, तुम्ही म्हणाल तसं," तो म्हणाला. "नको म्हणालात तर नुसता पुलाव घालू, दुआ मागू. पोराचीही हरकत नाही."

"लग्न म्हणजे लग्न," मुसल्लम म्हणाली. "वाजवा. ह्यांनी उभ्या जन्मात कुणाचं लग्न मुकं होऊ दिलं नाही. गायला कोण सांगितलाय?"

तुरोब चाचरला. "कुणी अंदिजानचा पोरगा आहे. बरा गातो म्हणतात."

मुसल्लमनं नान मोडली. एक तुकडा त्याच्यापुढं ठेवला, एक त्याच्या बायकोपुढं. मग खाली बघतच म्हणाली, "ह्यांना बोलवा."

 तुरोबनं बायकोकडे पाहिलं.

"असे काय बघताय? वेड लागलेलं नाही मला. क़ोसिमकडे आहेत ते. त्याला म्हणावं घेऊन ये." तिनं कापडावरचा नानचा चुरा गोळा केला. "माझ्या घरात मला लावता येत नाही. तुमच्या घरात तुम्हाला येतं. ते मोठे कर्णे ह्या भिंतीकडे तोंड करून ठेवा. आणि आवाज बारीक करू नका, माझ्यावर उपकार म्हणून."

तुरोब उठला तेव्हा त्याला जोडे घालता येईनात.

लग्नाच्या दिवशी मुसल्लम अंगणात गाजरं चिरत बसली होती. शेजारधर्म म्हणून चुलाण्याचं काम तिनं मागून घेतलं होतं. लग्नात जायचं नाही, पण काम करायला कोण अडवतं? आम्ही दोघीतिघी सोबतीला होतो. पलीकडे तुताऱ्या झाल्या, नवरी आली, आणि मग एकदम सगळं शांत झालं. दुतार सुरू झाला. डफ आला.

आणि नुरमत गायला लागला. खरखर होती, प्रत्येक लांब सुराच्या शेवटी होती. पण तोच होता हो! मुसल्लमच्या हातातली सुरी थांबली. तिनं तोंडावर ओढणी धरली आणि ऐकत राहिली, डोळ्यांतून नुसत्या धारा. पलीकडे दाद द्यायला म्हातारे "दोस्त! दोस्त!" म्हणून ओरडत होते. गाणं संपलं, आणि ते टाळ्यांत बुडायच्या आतच दुसरं सुरू झालं. ते संपलं की लगेच तिसरं. लोक नाचायला लागले होते, क़ोसिम भानावर नव्हता, पेटी आपली ओळीनं गात सुटली होती.

हयातीत नुरमतनं असं कधी केलं नव्हतं. एक गाणं झालं की दुतार खाली ठेवून चहाचा पियाला उचलायचा. दोन घोट घ्यायचा, कपाळ पुसायचा. लोकांनी कितीही आरडाओरडा करू दे, खाली ठेवलेला पियाला रिकामा झाल्याशिवाय पुढचं गाणं नाही.

चौथं सुरू झालं आणि मुसल्लम ताडकन उठली. गाजरं मातीत सांडली. आम्ही धरेपर्यंत ती भिंतीशी पडलेल्या तुळईवर पाय देऊन भिंतीवर चढलीसुद्धा, निळ्या झग्यानिशी, सगळ्या लग्नाच्या देखत.

"क़ोसिम!" ती ओरडली. "अरे, तुला काही दयामाया? त्यांना दम तरी खाऊ दे! चहा तरी पिऊ दे त्यांना!"

क़ोसिमनं बटण दाबलं. गाणं अर्ध्यावर तुटलं, नाचणारे जागच्या जागी थांबले.  तुरोबच्या बायकोनं किटली उचलली, एक पियाला भरला आणि त्या काळ्या पेटीशेजारी नेऊन ठेवला. त्यातली वाफ जाईपर्यंत सगळं लग्न तसंच उभं राहिलं, आणि भिंतीवर बसलेली मुसल्लम मोठमोठ्यानं रडत होती.