लिन डॉक्टरांची पाटी

दात उपटण्याआधी लिन डॉक्टर कुंचल्याने एक अक्षर काढत. रोगी खुर्चीत आ वासून बसलेला, आणि हे शांतपणे दगडावर शाई उगाळताहेत. "हात बसला का दात निंगतो," म्हणत. कल्याणच्या लोकांना तो मंत्र वाटे. काहींनी ते कागद ताइतात घालून पोरांच्या दंडाला बांधले होते.

डॉक्टर चिनी, पण मराठी शिकले ते आगरी घरमालकीण मावशींकडून. पहिल्या भेटीत ते बोलू लागले तेव्हा मी मागे वळून पाहिलं, बोलतंय कोण म्हणून.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो, आणि अख्ख्या ठाणे जिल्ह्यात माझ्यासारखा हात नाही असं एक मत होतं. माझंच. डॉक्टरांनी मला कागदाची गुंडाळी दिली. त्यावर चार चिनी अक्षरं, दवाखान्याचं नाव. "हाय तशी पत्र्याव काढ. बदलू नको."

घरी गुंडाळी उलगडली आणि मी गोंधळलो. प्रत्येक रेघ सुरुवातीला काळीभोर, पुढे विरलेली. मधूनमधून कोरा कागद दिसत होता. लिहिणाऱ्याची शाई संपली असावी आणि शेजारी मागायची लाज वाटली असावी, असा मी तर्क केला. आमच्या धंद्यात अशा रेघेवर दुसरा हात मारतात. मी दौतीतली निळसर काळी शाई घेऊन त्या कागदावरच्या सगळ्या फटी बुजवल्या, कडा सरळ केल्या आणि ऐटीत दाखवायला गेलो.

"डॉक्टर, जरा दुरुस्त केलंय."

ते कागदावर वाकले. मग म्हणाले, "यो माजा बापूस हाय."

मी भिंतीवर फोटो शोधू लागलो.

"भिंतीव नय. तुज्या हातान हाय."

चहा घेऊन आलेल्या मावशींनीच शेवटी उलगडा केला. "अरे, याचे बापसानी मरायचे आधी लिवून धाडलंय. दुसरा कागुद नाय याचेकडं. आन तू पेंटर, बापसालाच रंग फासलास."

"म्हातारा पलत लिवायचा," डॉक्टर हळूच म्हणाले, आणि कुंचला पळवल्यासारखा हात हवेत झरकन फिरवला. "कुंचला पलला का मधी कागुद दिसतो. तू त्याला बसवलास."

मी विचारलं, "मग पत्रा किती लांब घेऊ?"

वडिलांचं काही शाबूत राहिलंय का, हे पाहायला डॉक्टरांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. वडिलांची उगाळलेली शाई दाट, तिच्यातून उजेड येईना. माझी पातळ, ती निळी उजळली, आणि बुजवलेली एकेक फट पुन्हा दिसू लागली. "पलतंय," ते म्हणाले. मग त्यांनी कागद खळीने तिथेच काचेला चिकटवला. पत्र्याची पाटी झालीच नाही. रस्त्यावरून अक्षरं उलटी दिसत, पण सुलटी तरी कुणाला कळत होती? ऊन कललं की दोन्ही शाया एक होत आणि फटी पुन्हा बुजत, म्हणून डॉक्टर त्याआधीच दवाखाना बंद करत. संध्याकाळी दाढ दुखणाऱ्यांनी मला बऱ्याच शिव्या दिल्या.

पुढे ते भावाकडे कलकत्त्याला निघाले. सुताराकडून काच काढवून घेतली, आणि ती स्टेशनापर्यंत धरायला मला बोलावलं. गाडीत बसल्यावर त्यांनी काच मांडीवर उभी केली, बोट निळ्या फटींवरून फिरवलं. "तुजी शाई पन चालली माज्यासंगं."

हा राग होता की निरोप, मला काही केल्या ठरवता येईना. विचारायला तोंड उघडलं, तर डॉक्टर खिडकीतून बाहेर वाकून माझ्या तोंडात बघू लागले. "डावी दाढ किडलीय," म्हणाले, आणि गाडी हलली.